हातोटी : गळाची काठी मोडली? टाकू नका!

रत्नागिरीत कधी संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर चक्कर मारलीत, तर तिथे दोन तऱ्हेची माणसं गरवताना दिसतील. एकाच्या हातात चकचकीत काठी, तिला रीळ, कड्या, सगळा थाट. दुसऱ्याच्या हातात काठीच नाही! पाण्याची रिकामी बाटली, तिच्यावर गुंडाळलेली तंगूस आणि टोकाला गरी. गंमत म्हणजे कुणाच्या पिशवीत जास्त मासे असतील, ते काठीकडे बघून मुळीच सांगता येत नाही.

घाटावरच्या दोस्तांसाठी आधी तीन शब्द सांगून टाकतो. गरी म्हणजे गळाचा आकडा. तंगूस म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी. आणि गळ टाकून मासे पकडायला कोकणात म्हणतात गरवणं.

आता मुद्द्याचं. रत्नागिरीतल्या पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी आखाती देशांत नोकरीला असतं. सुट्टीवर येताना काका किंवा मामा झकास काठी घेऊन येतात. पहिल्या आठवड्यात ती रिक्षाच्या दारात सापडते नाहीतर खडकावर आपटते, आणि शेंड्याकडचे चार इंच तुटतात. मग ती माळ्यावर जाते ती कायमची. खरं म्हणजे अशी काठी एका संध्याकाळी दुरुस्त होते, तीही घरातल्याच वस्तूंनी. आज तेच करू. पण त्याआधी काठी नेमकं काय काम करते ते समजून घेऊ, म्हणजे दुरुस्ती कुठे करायची आणि का करायची ते आपोआप कळेल.

काठी वाकते कशाला?

एक छोटा प्रयोग करा. मुठीएवढा दगड घ्या. त्याला शिवणाचा साधा दोरा बांधा आणि दोऱ्याचं दुसरं टोक लाकडी पट्टीला बांधा. दगड जमिनीवर, दोरा थोडा सैल. आता पट्टीला एकदम वर हिसका द्या. (पाय लांब ठेवा!) बहुतेक वेळा दोरा तटकन तुटेल. न तुटल्यास जरा मोठा दगड घ्या.

आता माडाच्या झावळीचे पाच-सहा हीर एकत्र बांधून त्यांची काठी करा. तोच दगड, तसाच दोरा, तसाच हिसका. हीर वाकतील, दगड डुलत वर येईल आणि दोरा शाबूत राहील.

असं का झालं? पट्टीमुळे सगळा जोर एका क्षणात दोऱ्यावर आला. हीर वाकले तेव्हा तोच जोर थोडा वेळ घेऊन, हळूहळू आला. क्रिकेटमध्ये जोरात आलेला झेल घेताना आपण हात मागे ओढतो ना, तेच हे गणित. माशाने खोल पाण्यात मुसंडी मारली की काठी वाकते, हिसका पोटात घेते आणि तंगूस वाचते. म्हणजे काठी ही खरी तर एक लांबलचक स्प्रिंग आहे.

तिचं दुसरं काम फेकण्याचं. हात जेमतेम वीतभर हलतो, पण सात फूट लांबचा शेंडा मोठी झेप घेतो आणि वजनाला दूर भिरकावतो. ही झाली तरफ. पण तरफेचा हिशेब रोखठोक असतो. फेकताना तुमच्या फायद्याची असलेली लांबी ओढताना माशाच्या फायद्याची होते. म्हणूनच मोठ्या काठीची मूठ काखेत किंवा कोपराखाली दाबून धरतात. आणि म्हणूनच जेटीवर उभं राहून, काठी सरळ उभी करून मासा उचलायचा नाही. तेव्हा सगळं वजन एकट्या बारीक शेंड्यावर येतं आणि तो मोडतो. शेवटची उचल तंगूस हातात धरून करायची, हाताला फडकं गुंडाळून. नाहीतर मासा जाळीच्या डब्यात घ्यायचा.

काठीवर काय लिहिलंय ते वाचा

विकतच्या काठीवर मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत आकडे असतात. त्यांत पहिली असते लांबी, म्हणजे ७ फूट किंवा २.१ मीटर. मग किती ताकदीची तंगूस लावायची तो आकडा, बहुधा पौंडांत. एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. आणि तिसरा, किती वजन फेकायचं तो, ग्रॅममध्ये. दहा ते तीस ग्रॅम लिहिलं असेल तर शंभर ग्रॅमचं वजन लावून फेकू नका. काठीने हात जोडले तरी ती बोलू शकत नाही, थेट मोडते!

काठीचा वाकही बघून घ्यावा. शेंडा भिंतीला हलकेच टेकवून दाबा. फक्त शेंड्याकडचा भाग वाकला तर ती चपळ काठी. तिच्यावर माशाची टोच पटकन कळते. अर्ध्यातून किंवा मुठीपासून वाकली तर ती मऊ काठी. ती हिसके छान सोसते, म्हणून नवशिक्यांना बरी.

आता कड्या बघा. रिळाजवळची कडी मोठी आणि शेंड्याकडे त्या लहान लहान होत जातात. रिळातून तंगूस मोठी वेटोळी घेत सुटते. मोठी कडी त्या वेटोळ्यांना सामावून घेते, पुढच्या कड्या त्यांना सरळ करतात. शेंड्याला वजन कमी हवं म्हणून तिथे सगळ्यांत हलकी कडी.

काठी कशाची आहे हेही माहीत हवं. आधी बांबू, वेत किंवा लाकडाच्या काठ्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या आल्या, आणि १९७० च्या दशकात कार्बनच्या. कार्बनची काठी पिसासारखी हलकी, पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, तिच्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली ती उभी धरून चालायचं नाही. आणि वैशाखात संध्याकाळी ढग गडगडायला लागले की काठी खाली ठेवून सरळ घर गाठायचं. बांबूची किंवा फायबरची असली तरी पावसात भिजलेल्या काठीचा भरवसा धरू नका.

मोडलेला शेंडा

साहित्य : सेफ्टी पिन, पक्कड, बारीक पॉलिश पेपर, शिवणाचा मजबूत दोरा, आणि ताईची रंगहीन नेलपॉलिश. (विचारून घ्या. नाहीतर पुढच्या अंकापर्यंत तुमचीच दुरुस्ती चालू राहील.)

कृती : तुटलेलं टोक पॉलिश पेपर ओला करून घासा. ओला अशासाठी, की फायबर आणि कार्बनची भुकटी नाकात जायला नको. नाकावर रुमाल बांधा, आणि घासून झाल्यावर हात धुवा.

सेफ्टी पिनच्या एका टोकाला तारेचं गोल वेटोळं असतं बघा. तीच आपली कडी. पिनचं टोपण आणि अणकुचीदार टोक पकडीने कापून टाका. कापताना पिन फडक्यात धरा, तुकडा डोळ्यात उडतो. आता वेटोळं शेंड्याच्या पुढे येईल अशा बेताने पिनचे दोन पाय काठीच्या दोन बाजूंना बसवा.

त्यावर दोरा गुंडाळायचा, वेढ्याला वेढा चिकटवून, मध्ये फट न ठेवता. शेवटचे सात-आठ वेढे राहिले की वेगळ्या दोऱ्याचा एक फास त्या जागी आडवा ठेवा आणि उरलेले वेढे त्या फासावरून घ्या. मग गुंडाळायच्या दोऱ्याचं टोक फासात ओवा आणि फास ओढून काढा. टोक वेढ्यांच्या खाली जाऊन बसेल. गाठ नाही, फुगवटा नाही, सुटायची भीती नाही. वरून नेलपॉलिशचे तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा.

मधली कडी तुटली असेल तर तीही अशीच बांधता येते. बांधून झाल्यावर प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर तिथे चरा आहे, आणि तो चरा तंगूस कापणार. पॉलिश पेपरने घासा. तरी अडकला तर कडी बदला. काठी चार इंचांनी आखूड आणि थोडी कडक झालेली असेल, पण मासा काही फूटपट्टी घेऊन बसत नाही.

अडकलेला सांधा

दोन तुकड्यांच्या काठीचा सांधा खाऱ्या वाऱ्याने घट्ट बसतो. पक्कड लावून पिळू नका, नळी चिरते. उकिडवे बसा. काठी गुडघ्यांच्या मागच्या खळग्यात आडवी घ्या आणि सांध्याच्या दोन बाजूंना, गुडघ्यांच्या बाहेरून धरा. आता हात तसेच ठेवून गुडघे बाहेरच्या बाजूला उघडा. मांड्यांचा जोर सरळ रेषेत लागतो आणि सांधा पट्कन सुटतो. याउलट सांधा सैल झाला असेल आणि फेकताना पुढचा तुकडा पाण्यात जात असेल, तर आतल्या तुकड्यावर मेणबत्ती घासा.

मूठ निसरडी झाली असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ताणून गुंडाळा. ओल्या हातातही ती सुटत नाही.

काठीच नसेल तर?

कोकणात माणगा नावाचा बांबू होतो. तो जवळजवळ भरीव असतो, म्हणून वाकतो पण चिरफळत नाही. सरळ, अंगठ्याएवढी जाड काठी निवडा, गाठी तासून घ्या आणि काही आठवडे सावलीत वाळवा. वाकडी असेल तर एका टोकाला वजन बांधून टांगून ठेवा. नंतर अळशीच्या तेलाचा हात द्या. काजूच्या टरफलाचं तेल मात्र लावायला जाऊ नका, त्याने कातडी भाजून फोड येतात.

तंगूस नुसती शेंड्याला बांधू नका. ती मुठीजवळ पक्की बांधा, काठीभोवती वळसे देत वर न्या आणि मग शेंड्याला बांधा. शेंडा मोडला तरी तंगूस आणि मासा दोन्ही तुमच्या हातात राहतात.

तेही नको असेल तर आहेच बाटली! एक लिटरची जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या. मधल्या भागाला तंगूस बांधून, एकसारखी गुंडाळा. फेकताना बाटलीचा बूड समुद्राकडे करा, दुसऱ्या हाताने वजन फिरवून सोडा. तंगूस बाटली न फिरताच बुडावरून भराभरा सुटत जाते. महागड्या रिळाची चकतीही फेकताना फिरत नाही, तंगूस तिच्या कडेवरून सुटते. म्हणजे मांडवीवरच्या त्या दोन माणसांच्या हातात शेवटी एकच युक्ती आहे.

तरंगी, वजन आणि घुंगरू

भाट्याच्या खाडीसारख्या संथ पाण्यात तरंगी लागते. जुन्या रबरी चपलेचा तुकडा गोल कापा, मध्ये भोक पाडून तंगूस ओवा आणि वर-खाली सरकू नये म्हणून भोकात काडी खोचा. झाली तरंगी.

वजनासाठी लोक शिसं वापरतात. ते घरात वितळवू नका, आणि शिशाच्या गोळ्या दातांनी दाबू नका. शिसं हे विष आहे. वाढत्या वयात ते मेंदूला अपाय करतं. सायकलवाल्याकडचा जुना जाड नट चालतो, किनाऱ्यावरचा भोक असलेला गोटाही चालतो.

रत्नागिरीचा किनारा खडकाळ आहे. रत्नदुर्गाच्या पायथ्याशी वजन कपारीत अडकलं की तंगूस, गरी, सगळंच जातं. म्हणून वजन नेहमी वेगळ्या, कच्च्या दोऱ्याने बांधा. अडकलं तर तेवढाच दोरा तुटतो, दगड जातो, बाकी सगळं परत येतं.

रात्रीच्या वेळी कोकणातली जुनी युक्ती म्हणजे शेंड्याला बांधलेलं घुंगरू. मासा टोचला की छुमछुम!

एक गाठ शिकाच

तंगूस जिथे तुटते ती जागा बहुतेक वेळा गाठीपाशीच असते. गरीच्या डोळ्यातून तंगूस ओवा. मोकळं टोक मूळ तंगुशीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. मग ते टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीत घाला. त्यामुळे एक मोठा फास तयार होईल, त्यातूनही टोक परत काढा. आता महत्त्वाचं : आवळण्याआधी गाठ ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने नायलॉन तापतं आणि तिथेच कच्चं पडतं.

नायलॉन १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने तयार केलं. त्याआधी गळाला रेशीम, सूत, घोड्याच्या शेपटीचे केस असलं काही लावत. नायलॉनने काम सोपं केलं, पण एक दुखणंही मागे ठेवलं. ते कुजत नाही. खडकात सोडलेला तंगुशीचा गुंता वर्षानुवर्षं तसाच राहतो. पक्ष्यांच्या पायात अडकतो, कासवांच्या मानेत अडकतो. आपल्या जिल्ह्यात वेळास, गुहागर, गावखडी इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तेव्हा तुटलेली तंगूस खिशात घालून घरी आणा, बारीक तुकडे करा आणि मगच कचऱ्यात टाका. दुसऱ्याने टाकलेली दिसली तरी उचला.

हात कुठे घालायचा नाही

गळाला लागलेला प्रत्येक मासा साधाभोळा नसतो. शेंगाळ्याला पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे विषारी काटे असतात. तो नुसत्या हाताने धरू नका. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा, वेदना कमी होतात, आणि डॉक्टरांकडे जा. फुगून चेंडू होतो तो केंड मासा. त्याच्या चोचीसारख्या दातांनी तंगूसही कापली जाते. त्याच्या अंगात भयंकर विष असतं. तो कधीही खायचा नाही, मांजरालाही घालायचा नाही.

गरी बोटात घुसली तर उलटी ओढू नका. तिला मागे तोंड असलेला एक काटा असतो, तो मांस फाडतो. तंगूस कापून तसेच दवाखान्यात जा. शहाणपणाची गोष्ट म्हणजे आधीच पकडीने तो उलटा काटा चेपून ठेवणं. मग बोटही वाचतं, आणि वीतभर लांबीचं पिल्लू लागलं तर तेही सुखरूप परत सोडता येतं. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली. पिल्लं काढली तर पुढच्या वर्षी मासा येणार कुठून?

आणि सगळ्यांत महत्त्वाची वस्तू

आज बनवायच्या वस्तूंतली शेवटची वस्तू मासे पकडायला मुळीच उपयोगी नाही. पण ती नसेल तर बाकीची एकही वस्तू घेऊन किनाऱ्यावर जाऊ नका.

पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या. त्यात पेलाभर पाणी ठेवा, म्हणजे तो वाऱ्याने उडणार नाही आणि लांब फेकता येईल. झाकण घट्ट लावा. कानाला पंधरा मीटर मजबूत दोरी बांधा. झालं. पाण्यात पडलेल्या माणसाने हा कॅन छातीशी धरला तर त्याचं तोंड पाण्याबाहेर राहू शकतं.

समुद्राने माणूस ओढला की काठावरचा मित्र त्याच्यामागे उडी मारतो, आणि मग एकाचे दोन होतात. तुम्ही उडी मारायची नाही. कॅन फेकायचा, आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवायचं आणि ११२ नंबरला फोन लावायचा. दोरी स्वतःच्या हाताला गुंडाळायची नाही, खडकाला किंवा जेटीच्या खुंटाला वेढा द्यायचा. घरी अंगणात ही फेक पाच-दहा वेळा करून बघा. खऱ्या वेळी विचार करायला वेळ मिळत नाही.

बाकी नियम सोपे आहेत. एकट्याने जायचं नाही, मोठं माणूस बरोबर हवं. शेवाळ असलेल्या खडकावर पाऊल नाही. खडकावर बसण्याआधी दहा मिनिटं लांब उभं राहून नुसत्या लाटा बघायच्या, कारण मोठी लाट दर वेळी येत नाही, मधूनच येते. ओला खडक दिसला तर समजायचं, लाट इथवर येते. आणि समुद्राकडे पाठ करायची नाही. भरतीची वेळ काढायला आजोबांचा हिशेब वापरा : तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून तासभर आधीच उठा. पावसाळ्यात तर खडकाकडे फिरकूच नका. जून-जुलैत यांत्रिक बोटीही बंदरात नांगरून असतात. तुम्हीही ते दोन महिने माळ्यावरची काठी खाली काढा आणि दुरुस्तीला बसा.

परत आल्यावर काठी, कड्या, रीळ गोड्या पाण्याने धुवा, पुसा, आणि रिळाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. मीठ राहिलं की गंज आलाच. तंगूस उन्हात ठेवू नका.

तर मग दोस्तांनो, आजच माळ्यावर चढा. शेंडा बांधून झाला की काठी कोपऱ्यात उभी करा आणि तिच्या शेजारी तो कॅन ठेवा. दोन्ही बरोबरच बाहेर पडतील, अशी सवयच लावून घ्या. आणि हो, तुम्ही एखादी नवी युक्ती काढलीत तर आम्हाला जरूर लिहून कळवा!